मून कॅक्टस जगवायचा असेल तर खुंट सांभाळा

छोट्याशा कुंडीत हिरवा तिकोनी दांडा आणि त्याच्या डोक्यावर भडक लाल, पिवळा, नारिंगी नाहीतर गुलाबी गोळा. रोपवाटिकेत ‘मून कॅक्टस’ या नावानं मिळणारं हे झाड पुष्कळांच्या घरात येणारा पहिला निवडुंग असतो. पुष्कळांच्या घरात तो फार टिकतही नाही. दोष सहसा पाण्याला किंवा उन्हाला दिला जातो, पण खरी गफलत त्याआधीची असते. सगळं लक्ष रंगीत गोळ्याकडे जातं आणि खालच्या हिरव्या दांड्याकडे कुणी बघत नाही. जगणं-मरणं ठरतं ते त्या दांड्यावर. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप सुचतील, इतक्या त्या तिच्यातून निघतात.

एका कुंडीत दोन झाडं

वरचा गोळा आणि खालचा दांडा ही दोन वेगळी झाडं आहेत, कलम करून जोडलेली. गोळा असतो जिम्नोकॅलिशियम मिहानोविची या जातीचा किंवा तिच्या अगदी जवळच्या भावंडाचा. मूळ जात पॅराग्वे आणि ईशान्य अर्जेंटिनातल्या चाको प्रदेशातली. शास्त्रीय नोंद १९०५ सालची. तिथलं झाड दिसायला अगदी साधं: राखाडी-हिरवट, चपटं, आडव्या पट्ट्यांचं, झुडपांच्या सावलीत वाढणारं. या जातीच्या बियांतून क्वचित असं रोप उगवतं की ज्यात हरितद्रव्यच नसतं. हरितद्रव्य नाही म्हणजे उन्हातून अन्न तयार करता येत नाही. बियाण्यातली शिदोरी संपली की असं रोप मरतं. १९४१ मध्ये जपानमध्ये एजी वातानाबे यांच्या रोपवाटिकेत अशी लाल रोपं उगवली आणि ती मरायच्या आत दुसऱ्या निवडुंगावर कलम केली गेली. आज जगभर विकले जाणारे लाल गोळे त्या प्रयोगाची पुढची पिढी. सध्या या कलमांचं मोठं उत्पादन आणि निर्यात दक्षिण कोरियातून होते.

रंग बाहेरून दिलेला नसतो. बिटाला ज्या गटातल्या रंगद्रव्यांमुळे लाली येते ती बीटालेन द्रव्यं निवडुंगांतही असतात. एरवी हिरव्या रंगाखाली ती झाकलेली राहतात. हिरवा रंग नाहीसा झाला की लाल, पिवळा उघडा पडतो.

दांडा, म्हणजे आपल्या कलमाच्या भाषेत खुंट, बहुधा हायलोसेरिअसचा असतो. ड्रॅगनफ्रूट ज्या वेलीला लागतं तीच ही वेल किंवा तिची बहीण. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातल्या जंगलांत झाडांवर, खडकांवर चढत जाणारी. मुळं, पाणी, अन्न, सगळी जबाबदारी हिची. वरचा गोळा म्हणजे घरजावई: मिरवतो तो, खर्च सगळा सासऱ्याचा.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. गोळा झुडपांच्या सावलीतला, खुंट जंगलातला. उघड्या वाळवंटातलं यात कुणीच नाही. ‘कॅक्टस आहे, रणरणत्या उन्हात ठेवा आणि पाणी विसरा’ हा सल्ला इतर काही निवडुंगांना चालेल, इथे तो दोघांनाही मारतो.

जाता जाता एक गंमत. निवडुंगांचं जवळजवळ संपूर्ण कुळ सायटीस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीत आहे. पण हायलोसेरिअसच्या ठरावीक जातींवर कलम केलेल्या या रंगीत प्रकारांना तिथे नाव घेऊन सूट दिलेली आहे. जंगलातून उपटून आणता येण्यासारखी ही वस्तूच नाही. ती माणसाच्या हातूनच तयार होते.

रोप निवडताना

दुकानात हात आपोआप सगळ्यात लाल गोळ्याकडे जातो. तो आवरा आणि आधी खुंट बघा. खुंट गर्द हिरवा, टणक आणि शक्यतो उंच हवा. उंचीचं कारण साधं आहे: जितका हिरवा भाग जास्त, तितकं अन्न जास्त. विक्रीसाठी खुंट पुष्कळदा जेमतेम बोटाएवढा ठेवतात, कारण तसं रोप गोजिरं दिसतं आणि पेटीत जास्त मावतात. दोन रोपांत निवड करायची वेळ आली तर उंच खुंट आणि लहान गोळा असलेलं घ्या. बुटक्या खुंटावरचा भलामोठा गोळा, अंगाभोवती पिल्लांचा घोस मिरवणारा, फोटोत छान दिसतो; पण एवढ्या तोंडांना पुरवणारा खुंट आधी थकतो.

मग जोड तपासा. गोळा हलक्या बोटांनी किंचित ढकलून पाहा. तो डुगडुगायला नको. जोडाजवळ काळपट ओलसर डाग, बुरशी किंवा कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर ते रोप जागेवरच ठेवा. खुंटाच्या तळाशी तपकिरी, बुचासारखी कोरडी साल असेल तर घाबरायचं कारण नाही, ते वयाचं लक्षण. तीच जागा दाबल्यावर मऊ लागली तर मात्र कुज आहे.

दोन फसवणुकी ओळखायला शिका. काही निवडुंगांवर रंग फवारलेला असतो; नखानं कडेला खरवडलं की खालून हिरवं दिसतं आणि नवी वाढ हिरवीच येते. काहींच्या डोक्यावर वाळकी रंगीत फुलं गरम गोंदानं चिकटवलेली असतात. असलं फूल महिनोन्‌महिने जसंच्या तसं राहतं, यावरूनच ते उघडं पडतं. मून कॅक्टसचा गोळा आतपर्यंत त्याच रंगाचा असतो.

आणखी एक: पिवळ्या बोटांसारख्या कांड्यांचा झुबका खुंटावर बसवलेला दिसला तर तो शेंगदाणा-कॅक्टसचा रंगीत प्रकार. जात वेगळी, पण सांभाळण्याची पद्धत इथल्यासारखीच.

घरी आणल्यावर

पहिले आठ-दहा दिवस काही करू नका. नवीन जागेच्या उजेडाला झाड सरावू द्या, आणि घरात आधीची झाडं असतील तर त्यांच्यापासून लांब ठेवा. कीड लपून आली असेल तर ती या दिवसांत दिसते.

त्यानंतर कुंडी बदला. दुकानातलं माध्यम बहुतेक वेळा नुसतं कोकोपीट किंवा पीट असतं. ते एकदा ओलं झालं की लवकर वाळत नाही, आणि पूर्ण वाळलं की पाणी शोषतच नाही. पाणी कडेनं खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. काही कुंड्यांत वरचे खडे गोंदानं एकमेकांना चिकटवलेले असतात. तो थर काढून टाकाच, त्याच्याखाली माती ओली की कोरडी हे कळायला मार्ग नसतो.

कुंडी लहान घ्या. रोपाच्या मुळांपेक्षा सगळ्या बाजूंनी बोटभर जागा पुरे. साधारण ८ ते १० सेंटिमीटर व्यासाची बहुतेक रोपांना ठीक बसते. मोठ्या कुंडीतल्या जास्तीच्या मातीत मुळं पोचत नाहीत आणि ती माती ओलीच बसून राहते. भाजक्या मातीची, चकाकी न दिलेली कुंडी नवख्यासाठी सगळ्यात सुरक्षित, कारण तिच्या अंगातूनही ओल उडते. तळाला भोक हवं. भोक नसलेली सुंदर कुंडी आवडली असेल तर ती बाहेरचं आवरण म्हणून वापरा आणि पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढा.

मातीच्या मिश्रणाचे शेकडो नुस्खे ऐकायला मिळतील. मला यातला साधा पटतो: एक भाग चांगली कुंडीची माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग पर्लाइट, प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) किंवा विटांचा चाळलेला चुरा, यांपैकी जे हाताशी असेल ते. त्यात मूठभर गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं पानांचं खत. पक्क्या वाळवंटी निवडुंगांना याहून रुक्ष मिश्रण देतात. पण आपला खुंट जंगली वेल आहे, त्याला थोडा सेंद्रिय अंश मानवतो. वाळू घ्याल ती चाळून, धुऊन, जाड दाण्याची. बांधकामाची पिठासारखी बारीक वाळू मातीतल्या पोकळ्या बुजवते, आणि समुद्राच्या वाळूत मीठ असतं. मिश्रण जमलं की नाही हे बघायला मूठभर ओलं करून दाबा. मूठ उघडल्यावर ढेकूळ सुटून पडायला हवं.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिला की निचरा सुधारतो, असं फार जण सांगतात. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांच्या थरात सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडकून बसतं. म्हणजे ओली पट्टी मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवा, बाकी कुंडीभर एकच मिश्रण.

रोप काढताना दुमडलेल्या वर्तमानपत्राच्या पट्टीनं खुंट धरा. गोळ्याला धरून कधीही ओढू नका, जोड सुटतो. मुळांना चिकटलेलं जुनं माध्यम बोटांनी जमेल तेवढं झाडा. काळी, मऊ, सालपटासारखी निघणारी मुळं कापा. खुंट आधी जितका खोल होता तितकाच ठेवा. उंच खुंट डुलतो म्हणून त्याला आणखी खोल पुरायचा मोह होतो, पण त्यानं हिरवा भाग मातीत जातो आणि तिथून कुजायला लागतो. बांबूची काडी लावून आधार द्या. लावल्यावर पाच-सहा दिवस पाणी घालू नका, म्हणजे तुटलेल्या मुळांच्या जखमा वाळतात.

उजेड

इथे दोन झाडांच्या गरजा भांडतात. खुंटाला अन्न करायला उजेड हवा. गोळ्याकडे हरितद्रव्य नाही, त्यामुळे तीव्र उन्हाचा त्याला काही फायदा नाही, उलट तो भाजतो. तडजोड अशी: भरपूर उजेड, सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास, आणि दुपारचं ऊन अजिबात नाही. पूर्वेकडची खिडकी किंवा सकाळचं ऊन येणारा व्हरांडा उत्तम. बागेत ठेवायचं असेल तर मोठ्या झाडाच्या विरळ सावलीत किंवा ५० टक्के सावली देणाऱ्या जाळीखाली.

जागा चुकली तर झाड सांगतं. गोळ्याच्या उन्हाकडच्या बाजूला पांढुरका, मग खरखरीत तपकिरी डाग पडला तर ऊन जास्त झालं. तो डाग पुन्हा भरून येत नाही, पण पसरणं थांबतं. खुंटाच्या शेंड्याकडून किंवा कडांवरून बारीक, फिकट, लांबुळके फुटवे निघू लागले तर उजेड कमी आहे. सावलीतलं झाड उन्हात न्यायचं असेल तर दहा-पंधरा दिवसांत हळूहळू न्या. गोळ्याचा रंग अधिक खुलावा म्हणून एकदम उन्हात ठेवणं हा नवख्यांचा ठरलेला आततायीपणा.

पाणी

वारांप्रमाणे पाणी घालू नका. माती पूर्ण वाळली का ते बघा, मग घाला. लाकडी बारीक काडी तळापर्यंत खुपसून दोन मिनिटांनी काढा. तिला ओली माती चिकटली तर थांबा. त्याहून सोपी युक्ती म्हणजे कुंडी उचलून बघणं. ओल्या आणि कोरड्या कुंडीच्या वजनातला फरक हाताला लवकर कळायला लागतो.

घालाल तेव्हा मात्र भरपूर घाला, तळाच्या भोकातून वाहेपर्यंत, आणि बशीत साचलेलं लगेच ओता. चमचा-चमचा रोज घातलेलं पाणी फक्त वरचा थर ओला ठेवतं. गरम, कोरड्या हवेत हा फेरा आठवड्या-दीड आठवड्यानं येईल, दमट हवेत त्याहून लांबेल, आणि थंडीत वाढ थांबलेली असताना तीन-चार आठवड्यांवर जाईल. पाणी मातीत घाला, गोळ्यावर नको. जोडाच्या खाचेत साठलेलं पाणी हे कुजीचं सगळ्यात लाडकं ठिकाण. सततच्या पावसात कुंडी छपराखाली घ्या.

आता या लेखातली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी खूण. खुंटाचे तीन कंगोरे बारीक, चेपल्यासारखे दिसू लागले तर झाड तहानलेलं आहे. माती कोरडी असेल तर पाणी घाला, दोन-तीन दिवसांत कंगोरे पुन्हा भरतील. पण कंगोरे चेपलेले आणि माती मात्र ओली असेल, तर तहान पाण्याअभावी नाही. मुळंच कुजली आहेत आणि पाणी वर पोचत नाही. अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे झाड स्वतःच्या हातानं संपवणं. ताबडतोब रोप उपटून मुळं बघा.

खत, थंडी

खत कमीच. वाढीच्या महिन्यांत महिन्यातून एकदा, कमी नत्राचं निवडुंगाचं द्रवखत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं. नत्र जास्त झालं की खुंट भराभर आणि पोकळ वाढतो, गोळा त्या वेगानं वाढू शकत नाही आणि जोडावर ताण येतो. थंडीत खत बंद.

थंडी खुंटाला सोसत नाही. पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली जायला लागला की कुंडी घरात घ्या आणि माती कोरडी ठेवा. हिमकण पडणाऱ्या रात्री बाहेर राहिलेला हायलोसेरिअस सकाळी पाणचट, अर्धपारदर्शक होऊन बसतो आणि पुन्हा सावरत नाही.

कीड आणि कुज

पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. कापसासारखे पांढरे पुंजके जोडाच्या खाचेत, गोळ्याच्या पोटाखाली आणि पिल्लांच्या बेचक्यांत सापडतात. आठवड्यातून एकदा भिंग घेऊन तिथेच बघा. दिसले तर कानकाडी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक पुसा, आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा, कारण अंडी पहिल्या फेरीत वाचतात. कडुनिंबाचं तेल फवारायचं असेल तर संध्याकाळी आणि दोन-तीन दिवस झाड उन्हापासून दूर. तेलकट अंगावर ऊन पडलं की गोळा भाजतो. वर काही दिसत नाही आणि तरी झाड मलूल असेल तर मुळांवर पांढरी भुकटी आहे का बघा. हा ढेकूण मातीतही राहतो. तसं असेल तर मुळं धुवा, माती सगळी फेका, कुंडी उकळत्या पाण्यानं धुऊन घ्या. गोळ्यावर बारीक तांबूस-राखाडी खरखर पसरत असेल तर ते लाल कोळ्याचं काम, कोरड्या गरम हवेतलं.

खुंटाच्या तळाशी कुज लागली तर वरचा भाग वाचतो. स्वच्छ पात्यानं कुजीच्या वर आडवा काप घ्या. कापलेल्या तोंडावर तपकिरी किंवा नारिंगी ठिपका दिसेनासा होईपर्यंत आणखी काप घेत जा. एकही ठिपका उरता कामा नये. मग तो तुकडा सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या आणि कोरडसर मिश्रणात उभा करा. हायलोसेरिअसला मुळं सहज फुटतात. कुज जोडापर्यंत पोचली असेल तर मात्र गोळ्याला नवा खुंट द्यावा लागतो.

पिल्लू मातीत का रुजत नाही

गोळ्याच्या अंगावर रंगीत पिल्लं धरतात. ती सहज तुटतात, आणि इतर निवडुंगांची पिल्लं मातीत लावली की जगतात हे माहीत असल्यामुळे लोक हीही लावतात. काही आठवडे ती टवटवीत दिसतात. ती साठवणीवर जगत असतात. मग सुरकुततात आणि संपतात. हरितद्रव्याशिवाय मुळं फुटूनही उपयोग नाही. हिरवे-लाल पट्टे किंवा डाग असलेले प्रकार याला अपवाद. त्यांच्यात थोडं हरितद्रव्य असल्यामुळे ते स्वतःच्या मुळांवर सावकाश जगू शकतात. पूर्ण लाल किंवा पूर्ण पिवळ्याला कलमाशिवाय पर्याय नाही.

कलम शिकून घ्या हे मी आग्रहानं सांगतो, कारण ही जोडी मुळात फार काळाची नसते. खुंट वेगानं वाढणारा, गोळा संथ. काही वर्षांनी खुंट लाकडासारखा होतो, पिवळा पडतो आणि पुरवठा कमी होतो. तीन ते पाच वर्षं जोडी टिकली तर ती चांगली टिकली म्हणायची. गोळा आक्रसायला लागला, रंग मळकट झाला, की वेळ झाली.

नवं कलम

तयारी आधी खुंटाची. जुन्या खुंटाच्या काट्यांच्या गाठींतून हिरवे फुटवे येतात. एरवी ते खुडायचे, कारण ते गोळ्याच्या वाट्याचं खातात. पण नवा खुंट हवा असेल तेव्हा एक जाडसर फुटवा वाढू द्या. ड्रॅगनफ्रूटची फांदी मिळत असेल तर आणखी उत्तम. १२ ते १५ सेंटिमीटरचा तुकडा कापा, कापलेलं टोक सावलीत आठवडाभर वाळवा, मग लावा. मुळं धरून वर नवी हालचाल दिसली की तो कलमाला तयार. कलमाचा काळ उबदार, वाढीचा निवडा. थंडीत जोड धरत नाही.

लागेल ते सगळं आधी हाताशी ठेवा: नवं ब्लेड किंवा कटर, पुसायला अल्कोहोल, दोन मऊ रबरबँड. काम सुरू झालं की शोधाशोध करायला वेळ नसतो, कापलेली तोंडं वाळतात.

१. ब्लेड पुसून खुंटाचा शेंडा एका झटक्यात आडवा, सपाट कापा. करवतीसारखं घासू नका.

२. तिन्ही कंगोऱ्यांच्या कडा खालच्या दिशेनं तिरक्या तासा. ही पायरी गाळली जाते आणि कलम तिथेच फसतं. आतला गर वाळताना आकसतो, साल तेवढी आकसत नाही. कडा तासल्या नाहीत तर साल वर राहते, मध्ये खळगा पडतो आणि गोळा वर उचलला जातो.

३. निरोगी पिल्लू घ्या, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं. त्याचा तळ सपाट कापा. काप घेतल्यावर मधोमध एक फिकट गोल कडं दिसेल. खुंटाच्या कापातही तसंच कडं दिसतं. पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या त्या कड्यात असतात.

४. खुंटाच्या वरून कागदाएवढी पातळ चकती पुन्हा एकदा काढा आणि त्या ताज्या तोंडावर पिल्लू लगेच ठेवा. हवेचे बुडबुडे निघावेत म्हणून हलकेच दाबत किंचित फिरवा.

५. दोन्ही कडी कुठेतरी एकमेकांवर आलीच पाहिजेत. पिल्लाचं कडं लहान आणि खुंटाचं मोठं असेल तर बरोबर मध्ये ठेवलेलं पिल्लू खुंटाच्या कड्याच्या आत पडतं आणि कुठेच जुळत नाही. तेव्हा ते मुद्दाम एका बाजूला सरकवा, म्हणजे निदान दोन ठिकाणी कडी एकमेकांना छेदतील. दिसायला वाकडं दिसेल. दिसू द्या.

६. एक रबरबँड कुंडीच्या खालून घेऊन पिल्लावरून उभा, दुसरा त्याला काटकोनात. दाब बेताचा, पिल्लात रुतेल इतका नको. दाब दोन्ही बाजूंनी सारखा आहे ना ते बघा, नाहीतर रात्रीतून पिल्लू घसरतं.

कुंडी उबदार, कोरड्या सावलीत ठेवा. वरून पाणी अजिबात नको. माती फार कोरडी पडली तर कुंडी उथळ ताटलीतल्या पाण्यात थोडा वेळ ठेवून काढा. सात ते दहा दिवसांनी रबरबँड एकेक करून सावकाश काढा. पिल्लू पक्कं असेल तर हलणार नाही. सुटून हातात आलं तर फेकू नका. दोन्हीकडून पातळ चकती काढून तीच कृती पुन्हा करा, खुंटाची उंची पुरेल तोवर हे जमतं.

पुढचे दोन आठवडे सावलीच ठेवा आणि मग हळूहळू सकाळच्या उन्हाकडे सरकवा. पिल्लू फुगल्यासारखं, चकचकीत दिसायला लागलं आणि मध्यावर नवे काटे डोकावले की पुरवठा सुरू झाला. त्यानंतर खत, आधी नाही. जुना खुंटही लगेच टाकू नका. गोळा काढून घेतल्यावर तो अजून टणक आणि हिरवा असेल तर कोरडसर मातीत तसाच उभा ठेवा. गाठींतून फुटवे आले की पुढच्या कलमाचे खुंट त्यातूनच निघतात.